अग्निप्रदीपन, एका क्लिकवर

माझ्या सर्व्हरवर नारळ फोडायचा की त्याच्या शेजारी, यावर सकाळपासून वाद चालला होता. भटजींचं म्हणणं, मुख्य यंत्र तेच, तेव्हा मान त्याचाच. मी सांगत होते की त्या पेटीत पाणी गेलं तर यंत्रही राहणार नाही आणि मानही. शेवटी चीफ इंजिनिअर रणवरे साहेब मध्ये पडले. नारळ दारातल्या पायरीवर फोडायचा आणि सर्व्हरला फक्त हळदकुंकू लावायचं, तेही झाकणाला, असा तह झाला. भटजींनी राग म्हणून कीबोर्डावर मूठभर अक्षता टाकल्या. त्यातला एक दाणा पुढं कित्येक महिने एंटरच्या बटणाखाली अडकून बसला होता.

"आजच्या दिवस सोसा, पोतनीस मॅडम," रणवरे माझ्या कानाशी येऊन म्हणाले. "आज तुमचा खोटा बॉयलर खऱ्याचं काम करणार आहे. एवढा मान त्याला मिळायलाच पाहिजे."

हे गौडबंगाल कळायला थोडं मागं जावं लागेल. कारखान्याचं नाव मी सांगणार नाही. साताऱ्याच्या बाजूचा सहकारी साखर कारखाना, एवढं पुरे. तिथली माणसं अजून दिवाळीला मला फोन करतात आणि मला ते फोन यायला हवे आहेत.

मी तेव्हा पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत होते. आम्ही सिम्युलेटर बनवायचो. म्हणजे कारखान्यातली सगळी यंत्रं समीकरणांत बसवायची आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर चालवायची. इकडे भट्टीत उसाचं चिपाड वाढवलं की तिकडे वाफेचा दाब चढतो, पाणी कमी पडलं की भोंगा बोंबलतो, सगळं खऱ्यासारखं, फक्त कुणाला भाजत नाही. चालवणाऱ्यांनी आधी यावर हात बसवायचा आणि मग खऱ्या यंत्राला हात लावायचा, अशी कल्पना. माझ्या आईला मी हे अनेकदा समजावलं. ती शेजारणींना सांगायची, आमची रश्मी व्हिडिओ गेम बनवते.

त्या वर्षी कारखान्यानं वीज तयार करण्यासाठी नवा, भल्यामोठ्या दाबाचा बॉयलर उभा केला होता. जुन्या बॉयलरवर हयात घालवलेल्या माणसांना तो शिकवायचा, म्हणून माझी रवानगी झाली. खऱ्या कंट्रोल रूमच्या भिंतीला लागून प्रशिक्षणाची खोली होती. तेच पडदे, तशीच खुर्ची, तेच भोंगे. माझे विद्यार्थी म्हणजे बॉयलर अटेंडंट इस्माईल मुजावर आणि त्याच्या पाळीतली चार माणसं. इस्माईलभाईंचं वय पन्नाशीच्या पुढं, आवाज बारीक, आणि चिकाटी अशी की शिकवणाऱ्याला घाम फुटावा.

सिम्युलेटरमध्ये आम्ही सरावासाठी पुष्कळ बिघाड घालून ठेवले होते. पंप बंद पडतो, पंखा अडकतो, चिपाड तुंबतं. इस्माईलभाई रोज येऊन एकच मागायचे, "परत त्येच लावा, मॅडम. नळी फुटायचं." दाब चढता चढता बॉयलरची नळी फुटते आणि भट्टीच्या तोंडातून आग आणि वाफ बाहेर येते, तो बिघाड. एकदा मी वैतागून म्हटलं, बाकीचे बिघाड काय तोंडी लावायला ठेवलेत का?

"बाकीच्यात इचार कराया येळ मिळतो," ते म्हणाले. "ह्यात पळायचं का थांबायचं, तेवढंच ठरवाया मिळतं. म्हनून म्हनलं, आधीच ठरवून ठेवावं."

मी फार खोलात शिरले नाही. रोज रोज तेच लावायचा कंटाळा आला, म्हणून मी तो सराव कायमचाच सुरुवातीला ठेवून दिला. सिम्युलेटर चालू केला की नळी फुटायच्या वाटेला आपोआप लागायचा. इस्माईलभाई खूश आणि मी मोकळी.

आता आप्पा. धोंडीराम शिंगटे, कारखान्याचे चेअरमन. तरुणपणी कुस्ती केलेली, आता फक्त पोट उरलेलं. पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला कायम फेटा, आणि कुठलंही यंत्र मोठ्यानं ओरडलं की चालतं असा ठाम समज. माझ्या सिम्युलेटरला ते "टीव्ही" म्हणायचे. पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं होतं की ह्याच्यावर क्रिकेट दिसतं का. नाही म्हटल्यावर त्यांचा माझ्यातला रस संपला.

साखर कारखान्यात हंगामाआधी बॉयलर पेटवायचा सोहळा असतो. पूजा होते, चेअरमन भट्टीत पेटती मशाल टाकतात, टाळ्या, पेढे. त्याला अग्निप्रदीपन म्हणतात. या वर्षी नवा बॉयलर म्हणून आप्पांनी पालकमंत्र्यांना बोलावलं होतं आणि मशालीऐवजी कॉम्प्युटर आणला होता. रस्त्याला कमानी लागल्या होत्या, त्यावर आप्पांचा हसरा चेहरा आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'अग्निप्रदीपन, एका क्लिकवर'.

आणि नेमकी त्याच आठवड्यात बॉयलरला गळती सापडली. रणवरेंनी पाणी भरून दाब देऊन पाहिला, तर वरच्या पिंपाला जिथं नळ्या जोडल्या होत्या तिथं पाण्याचे थेंब धरत होते. बॉयलर उभारणाऱ्या ठेकेदाराचं मत पडलं की हा नुसता घाम आहे, तापला की आपोआप बसेल. रणवरेंचं मत पडलं की तापला की फुटेल, आणि फुटला तर भट्टीपुढं उभी असलेली पाच माणसं ओळखू येणार नाहीत. त्यांनी आप्पांकडं चार दिवस मागितले.

मी त्या बैठकीला नव्हते, पण रणवरेंनी ती मला नकलेसकट सांगितली. आप्पा म्हणाले, मंत्री मिनतवारीनं मिळालेत, मंडप उभा आहे, बुंदी पाडून झालीय, आणि भटजी सांगतात या मुहूर्तानंतर पंधरा दिवस काही नाही. "नवी चप्पल चार दिस चावतीच, रणवरे. मग बसती." रणवरे म्हणाले, मी पेटवणार नाही. आप्पा शांतपणे म्हणाले, नका पेटवू, ठेकेदाराचा माणूस पेटवंल.

तिथून रणवरे थेट माझ्या खोलीत आले. दार लावून घेतलं आणि मला विचारलं, तुमच्या पडद्यावर बॉयलर किती वेळात पेटतो? मी म्हटलं, खऱ्याला अर्धा दिवस लागतो, पण सिम्युलेटरचं घड्याळ मी पळवू शकते, एका भाषणात दाब आणून दाखवीन.

"मग दाखवा," ते म्हणाले. "सोहळा इथं घेऊ. पडदा मोठा आहे, एसी आहे, मंत्र्यांना बरं वाटेल. मीच पेटवतो म्हणून आप्पांना सांगतो. आप्पा क्लिक करतील, बॉयलर पेटेल, लोक जेवून घरी जातील. मग मी चार दिवस नळ्यांचं काम करतो आणि खरा पेटवतो. कुणाला पत्ता लागायचा नाही."

"ही फसवणूक झाली, साहेब."

"झाली ना. मी नाही म्हणून अडून बसलो तर ठेकेदाराचा माणूस मशाल घेऊन तयार आहे, आणि भट्टीपुढं इस्माईल उभा राहणार आहे. तुम्हीच सांगा काय करू."

सापडलो असतो तर त्यांची नोकरी गेली असती, माझी तर पुण्याला पोचायच्या आत. मी म्हटलं, भोंग्यांचा आवाज जरा वाढवून घेते, खरं वाटेल.

तर मुहूर्त आला. आप्पा आले, मंत्री आले, संचालक मंडळ आलं आणि त्यांच्यामागून ज्यांना खोलीत जागा नव्हती असे सगळे आले. इस्माईलभाई आणि त्यांची माणसं तिकडे बॉयलर हाऊसमध्ये होती. रणवरेंनी त्यांना जागेवर बसून राहायला सांगितलं होतं आणि काडी पेटवली तर खबरदार, असंही. ठेकेदाराच्या माणसाला मंडपातल्या पाहुण्यांना फेटे बांधायच्या कामाला लावलं होतं.

आप्पांनी माउस उलटा धरला. मी तो सरळ करून दिला. त्यांनी एकदा मंत्र्यांकडं, एकदा फोटोवाल्याकडं पाहून असा दणका दिला की टेबलावरचा तांब्या कलंडला. पण क्लिक झालं. पडद्यावरच्या भट्टीत नारिंगी आग दिसायला लागली, स्पीकरमधून पंख्यांची घरघर सुरू झाली, आणि रणवरेंनी खिडकीतून खूण केल्यावर बाहेर कारखान्याचा विजेचा भोंगा वाजला. टाळ्यांचा कडकडाट झाला. आप्पांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की मला क्षणभर त्यांची दया आली.

मंत्र्यांनी भाषण सुरू केलं. विज्ञान, बळीराजा, आप्पांची दूरदृष्टी, पुन्हा विज्ञान. मध्येच त्यांची नजर खिडकीबाहेर गेली आणि ते म्हणाले, "पण चिमणीतून धूर दिसत नाही तो?"

रणवरे पापणी न हलवता म्हणाले, "साहेब, हेच तर नव्या बॉयलरचं वैशिष्ट्य. धूर नाहीच." मंत्र्यांनी लगेच प्रदूषणमुक्त कारखान्याचं अभिनंदन केलं आणि ते भाषणात घेतलं. आप्पांनी रणवरेंच्या पाठीवर थाप मारली. इकडे पडद्यावर दाबाचा काटा झरझर चढत होता.

आणि मग तो थांबला. पिंपातल्या पाण्याची पातळी खाली यायला लागली, आधी हळू, मग भराभर. मी पाहत राहिले. घड्याळ पळवायचं माझ्या लक्षात होतं, भोंगे वाढवायचे लक्षात होते, पण सुरुवात बदलायची राहून गेली होती. पडद्यावर पेटला होता तो इस्माईलभाईंचा सरावाचा बॉयलर.

मी कीबोर्डाकडं झेपावले, पण मध्ये मंत्र्यांचा हार घेऊन उभे असलेले दोन संचालक होते. एक तांबडा दिवा लागला, मग ओळीनं सगळे. स्पीकरमधून, मी माझ्या हातांनी वाढवून ठेवलेल्या आवाजात, नळी फुटली आणि सगळे भोंगे एकदम ओरडायला लागले. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, भट्टीत स्फोट, माणसं हटवा.

पुढचं सगळं फार वेगात घडलं. मंत्र्यांच्या अंगरक्षकानं मंत्र्यांना उचललं, पण मंत्री त्याच्याही आधी दारात होते. संचालक मंडळ एकजुटीनं बाहेर पडलं. तसा एकोपा मी त्यांच्यात आधी कधी पाहिला नव्हता. भटजी खिडकीतून गेले. मी जिवाच्या आकांतानं ओरडत होते, "खोटं आहे, सगळं खोटं आहे," आणि जाता जाता एक संचालक दुसऱ्याला म्हणाले की बाई बिचारी भ्रमली. मंडपातली गर्दी गेटकडं धावली. गाड्या सुरू व्हायचे आवाज आले.

आप्पा खुर्चीत तसेच बसले होते. हातात माउस. त्यांनी तो हळूच खाली ठेवला, उठले, दाराबाहेर पडले आणि पळत सुटले. सगळं जग डावीकडं, गेटकडं पळत होतं. आप्पा उजवीकडं पळाले.

मला वाटलं, घाबरून दिशा चुकले. मी त्यांच्या मागं धावले. गळ्यात झेंडूचा हार, फेट्याचा शेमला मागं उडतोय, धोतराचा सोगा हातात धरलेला, एवढा अवजड माणूस आणि मला काही केल्या सापडेना. समोरून पळत येणारे लोक त्यांना अडवत होते, आप्पा, तिकडं नको. ते कुणाला ऐकत नव्हते. ते काहीतरी ओरडत होते. जवळ गेल्यावर मला शब्द कळले. ती नावं होती. इस्माईल, सर्जा, बाळू, महादू, रामजी. पाळीतल्या पाचही माणसांची नावं, आणि ती संपली की पुन्हा पहिल्यापासून.

बॉयलर हाऊसचा लोखंडी जिना त्यांनी दोन दोन पायऱ्या करत चढला. मी मागोमाग पोचले तेव्हा ते वरच्या मजल्यावर भट्टीसमोर उभे होते. भट्टी गार होती. तिच्या तोंडाशी एक मांजर झोपलं होतं. पाचही जण खाली कोंडाळं करून बसले होते आणि त्यांच्या मधे बुंदीची परात होती.

आप्पांनी इस्माईलभाईंच्या तोंडावरून हात फिरवला. मग बाकीच्यांच्या. एकेकाचा खांदा दाबून पाहिला. त्यांना धाप लागली होती.

"आग कुठं हाय?"

इस्माईलभाईंच्या तोंडात बुंदीचा बकाणा होता. तो त्यांनी गिळला. "लावलीच न्हाई, आप्पा. रनवरे सायेब नगं म्हनलं."

आप्पा जिन्याच्या वरच्या पायरीवर धप्पकन बसले. बाळूनं तांब्या पुढं केला, तो त्यांनी घटाघटा प्यायला. तेवढ्यात रणवरे आले. त्यांनी लपवाछपवी केली नाही. सोहळा खोट्या बॉयलरवर केला, बॉयलर पेटवलेलाच नाही, स्फोट फक्त पडद्यावर झाला, सगळं सरळ सांगून टाकलं आणि राजीनामा आत्ता देऊ की जेवणानंतर, असं विचारलं. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी आपणहून म्हटलं की स्फोट माझ्या चुकीनं झाला.

आप्पांनी मग रणवरेंना जी शिवी दिली ती मी त्याआधी ऐकली नव्हती आणि नंतरही नाही. तिच्यात रणवरेंच्या तीन पिढ्या आणि एक गाढव होतं. सगळं बोलून झाल्यावर त्यांनी भट्टीकडं बोट केलं.

"पेटवला आसता तर आसंच झालं आसतं?"

"झालंच असतं असं नाही म्हणत, आप्पा. झालं असतं तर असं झालं असतं."

"चार दिस मागितलंवतंस न्हवं?"

"हो."

"आठ घे."

ते उठले, फेटा सारखा केला आणि मंडपाकडं निघाले. मंत्र्यांची गाडी गेटात अडकली होती, म्हणून मंत्री सापडले. आप्पांनी माइक हातात घेऊन जाहीर केलं की आत्ता झाली ती सुरक्षेची रंगीत तालीम होती, मुद्दामच कुणाला सांगितली नव्हती, आणि माननीय मंत्रिमहोदयांनी सर्वांत आधी मैदान रिकामं करून जनतेपुढं आदर्श ठेवला आहे. दुसऱ्या दिवशी पेपरात ते तसंच छापून आलं, मंत्र्यांच्या धावत्या फोटोसकट. कारखान्याला त्या वर्षी सुरक्षेचं बक्षीसही मिळालं. लोक परत आले आणि बुंदी संपली.

दुपारी मंडप उतरत असताना आप्पा माझ्या खोलीत आले. मी सामान आवरत होते. माझी रवानगी होणार याची मला खात्री होती. पडद्यावर तो फुटलेला बॉयलर अजून तांबडा होऊन अडकलेला होता. आप्पा इस्माईलभाईंच्या खुर्चीत बसले. गुडघा चोळत होते.

"ह्यात समदा कारखाना हाय म्हनता."

मी म्हटलं, सगळा आहे. एकूण एक नळी, एकूण एक झडप, मोटारी, पंखे. बॉयलरच्या भिंतीतून किती उष्णता वाया जाते तेसुद्धा.

त्यांनी जाड बोट पडद्यावर भट्टीच्या तोंडाशी टेकवलं. "आनि हितं कोन उभं हाय?"

"तिथं कुणी नाही, आप्पा. मॉडेलमध्ये माणसं नसतात. माणसांचं समीकरण मांडत नाहीत."

त्यांनी बोट काढलं नाही. पडद्यावर कुंकवाचा डाग उमटला. "स्फोट झाला म्हनून ह्यानं सांगितलं. किती गेली, त्ये न्हाई सांगितलं. मी जिना चडूस्तवर पाचबी मेलीत आसंच धरून चाललोवतो. कुनाच्या घरी आदी जायाचं, त्येबी ठरवीत हुतो. मगाशी मी कुनासाठी पळालो, त्ये तुमच्या ह्या टीव्हीला ठावंच न्हाई."

आजवर मी त्यांना हसत आले होते, आणि त्या वेळी मला हसू येत नव्हतं. ते खुर्चीचे हात धरून उठले, दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "सामान कशाला बांदताय? शिकवनं ऱ्हायलंय अजून."

रणवरेंनी आठ दिवसांत नळ्यांचं काम केलं. खरा बॉयलर पेटला तेव्हा मुहूर्त नव्हता, भटजी नव्हते, मंत्रीही नव्हते. इस्माईलभाईंनी मशाल टाकली आणि आप्पा त्यांच्या शेजारी, भट्टीपुढं, दाब चढेपर्यंत उभे राहिले.

त्यानंतर मी पुष्कळ कारखाने पडद्यावर चालवले. सिमेंटचे, कागदाचे, खताचे. प्रत्येकात भट्टीच्या तोंडाशी मी एक छोटा माणूस काढते. तो कुठल्याही समीकरणाला जोडलेला नसतो. त्याच्यामुळं उत्तर दशांशचिन्हापुढच्या कितव्याही घरात बदलत नाही. नवे इंजिनिअर येतात, शोधतात, त्यांना वाटतं माझ्या हातून काहीतरी चुकून राहून गेलंय. मग त्यातला एखादा धीर करून विचारतो, मॅडम, हा काय करतो?

मी सांगते, तो काही करत नाही. तो तिथं उभा असतो. त्याचं नाव इस्माईल मुजावर.